धुतलेले खडे

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून माझे खडे कामाला लागले, म्हणून आजपासून ही वही. शाळेत निबंधाला मास्तर मला कधी काठावरच्या गुणांपलीकडे जाऊ देत नसत. इथे मास्तर नाही.

सांडपाणी केंद्राच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड आहे. तिच्यात माणसाच्या छातीएवढ्या उंच अशा दोन नळ्या उभ्या केल्या आहेत. बाहेरून काळा रंग, कारण उजेड लागला की आत शेवाळ धरतं. एका नळीत परदेशी प्लास्टिकच्या चकत्या, दुसरीत माझे खडे. दोन्हींच्या डोक्यावर एकच सांडपाणी सोडायचं आणि खालच्या, शेडबाहेर काढलेल्या तोटीतून काय पडतं ते मोजायचं. एप्रिल संपताना समिती येईल. जो माल चांगला ठरेल तो शहराच्या नव्या केंद्रातल्या टाक्यांत भरला जाईल.

खडे म्हणजे माती आणि लाकडाचा भुसा. भाजताना भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी भोकं राहतात. ऐकायला सोपं. परसातल्या भट्टीपुढे मी दहा वर्षं घालवली तेव्हा ते सोपं झालं. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण भट्टीच्या तोंडाचा रंग बघून आत काय चाललंय ते सांगतो. सगळे खडे वाटाण्याएवढे, एकसारखे. एकही वाकडातिकडा नळीत जाऊ दिला नाही.

प्रयोग बाईंचा. बाई पाण्याच्या डॉक्टर आहेत, माझ्यापेक्षा वयाने लहान, पण माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनीच माझे खडे इथवर आणले, हे नाकारत नाही. आज मात्र पंप सुरू करताना म्हणाल्या, "आता यांना हात लावू नका. खड्यांवर जंतू बसतील, घरं करतील. खरं काम तेच करणार. अमोनिया तेच खातात."

म्हणजे दहा वर्षं भट्टीपुढे मी भाजून निघालो आणि श्रेय जंतूंना. मी मान डोलावली. शिकलेल्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाद नको.

शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक पाळीवरच्या ऑपरेटरकडे. तो माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. केंद्रावर त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. पंपाचं बटण दाबायलाही तो आधी बोट पुसतो.

१३ मार्च, बुधवार

लिहायला फुरसत नव्हती आणि लिहिण्यासारखं काही बिघडतही नव्हतं. आज बाईंनी आकडे फळ्यावर लिहिले. आत जाणाऱ्या पाण्यात अमोनिया पस्तीस. चकत्यांतून बाहेर पडताना सहा. माझ्या खड्यांतून दोन.

दोन. मी फळ्यासमोर उभा राहून ते पुन्हा वाचलं. सावकाश मागे येऊन म्हणाला, "दाजी, पेढे नकोत, नुसतं हसून दाखवा." मी हसलो नाही, पण घरी येताना सायकल उताराला लागल्यासारखी चालली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "आता तरी परसातला तो मातीचा ढीग हलेल का?" या घरात माणसाची किंमत ढिगावर.

१५ मार्च, शुक्रवार

आज माझा अपमान झाला. जसा झाला तसा लिहितो.

मोठे साहेब पाहणीला आले. पायात पांढरे बूट. सांडपाणी केंद्रात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल वेगळं काय लिहायचं. त्यांना नळीच्या आत बघायचं होतं. झाकणाचे बोल्ट मी माझ्या पान्याने काढले. साहेबांनी डोकावलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "ही घाण काय आहे?"

मीही डोकावलो. माझे विटकरी रंगाचे खडे दिसतच नव्हते. वर तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखा थर. बाई काहीतरी समजावत होत्या, जिवंत थर आणि काय काय, पण साहेबांचे बूट दाराबाहेर पोचले होते. चकत्यांवरही तेच बसलेलं असणार, पण चकत्या मुळात काळ्या. त्यांची घाण झाकली जाते, माझी दिसते.

दहा वर्षं निगुतीने केलेल्या मालाला तोंडावर 'घाण' म्हटलं. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, रविवार

सुट्टी. शेडमध्ये गेलो, दार आतून लावलं, पंप थांबवून खडे टबात काढले आणि नळाखाली धुतले. वासावरून कळतं, इथल्या नळाला औषध कडक असतं. तरी समाधान होईना म्हणून ब्लीचिंग पावडरची मूठ टाकली. सात पाण्यांनी धुतल्यावर त्यांचा खरा रंग वर आला. लहान मूल न्हाऊन आल्यावर दिसतं तसे दिसत होते. पुन्हा भरले, बोल्ट आवळले, पंप सुरू केला.

आता येऊ देत पांढरे बूट.

१८ मार्च, सोमवार

बाईंच्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय. माझ्या तोटीखालचा नमुना काचेसारखा नितळ, आणि यंत्र म्हणतं अमोनिया एकोणीस. मी ग्लास उजेडात धरून दाखवला. बाई म्हणाल्या, अमोनिया डोळ्याला दिसत नाही. मग दिसतं ते खोटं आणि न दिसणारं खरं, असंच ना? यंत्र तपासून घ्या म्हटलं.

२५ मार्च, सोमवार

यंत्र तपासलं. यंत्र ठीक आहे.

आठवडाभर आकडा हळूहळू उतरत होता, शनिवारी अकरावर आला. काल रविवारची नेहमीची साफसफाई आटोपून मी घरी आलो, आणि आज सकाळी आकडा बावीस. चकत्या आपल्या सहावर बसल्या आहेत, गल्लीतल्या लठ्ठ मांजरासारख्या.

शनिवारपर्यंत ठीक, सोमवारी बिघाड. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी काहीतरी करतं. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

१ एप्रिल, सोमवार

चोवीस.

बाईंनी मला टेबलापाशी बसवून चहा मागवला. चहा मागवला की समजावं, पुढे काहीतरी कडू आहे. त्यांनी कागदावर आकड्यांची रेघ काढली होती. दर सोमवारी डोंगर, मग उतार, पुन्हा डोंगर. उतारही दर खेपेला अर्धवट राहतोय. करवतीचे दातच.

"रविवारी तिथे कोण येतं?" त्यांनी विचारलं.

मलाही नेमका रविवारचाच संशय होता. मी म्हणालो, मीही तेच शोधतोय. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः रविवारी काही करता का? म्हटलं, मी काय करणार, येतो, बघतो, आवरून जातो. झाडणं-पुसणं हे काय सांगण्यासारखं असतं? त्या म्हणाल्या, एकदा झाकण उघडून आत बघायचं आहे. मी म्हटलं, आत मी बघतो, त्याची काळजी नको. साहेबांनी डोकावून काय म्हटलं ते मी विसरलेलो नाही. माझ्या खड्यांची शोभा पुन्हा होऊ देणार नाही.

संध्याकाळी दाराचं कुलूप बदललं. पितळेचं, जाडजूड. केंद्राचा नियम म्हणून दुसरी किल्ली सावकाशला द्यावी लागली.

८ एप्रिल, सोमवार

कुलूप जसंच्या तसं. काल मी स्वतः आवरून, धुऊन-पुसून, ओढून बघून लावलं होतं. आज आकडा सव्वीस.

किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला. मला दुसरीबद्दल विचार करायचा नव्हता, पण दुसरं काय उरलं?

सावकाशला टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या खोलीत गाठलं. तिथे कानात बोळे घालावे लागतात इतका आवाज, त्यामुळे ओरडावं लागलं, आणि ओरडायला लागल्यावर मी थांबलो नाही. पंप फिरवतोस का, पाणी वळवतोस का, चकत्यावाल्यांनी तुला काय चारलंय, सगळं विचारलं. त्याने कानातले बोळे काढले, खिशात ठेवले, आणि नेहमीच्या चालीने म्हणाला, "दाजी, रविवारी त्या दारात पाऊल टाकणारे तुम्ही एकटेच. मी तर या खोलीतून हलतही नाही."

चोराच्या उलट्या बोंबा. माझ्याच खड्यांना मी विष घालीन?

९ एप्रिल, मंगळवार

मोठ्या साहेबांकडे तक्रार दिली. नात्याचा विचार करायचा नाही असं ठरवूनच लिहिली. साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि दुपारी हुकूम निघाला. सावकाशची पंपावरून जाळीवर बदली, चौकशी होईपर्यंत. किल्ली माझ्याकडे.

जाळी म्हणजे केंद्राचं तोंड. शहराचं सगळं वाहून येतं ते आधी तिथे अडतं. चिंध्या, केस, प्लास्टिक, मेलेले उंदीर. ते दिवसभर दाताळ्याने ओढून काढायचं. तिथल्या माणसाशेजारी जेवायला कोणी बसत नाही.

हिला कळलं ते माझ्याकडून नाही. मी घरी आलो तेव्हा ही गव्हाच्या डब्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती. म्हणाली, "लहानपणी तो मुंगी पायाखाली येईल म्हणून उड्या मारत चालायचा." मी म्हटलं, मुंगी वेगळी आणि माझे खडे वेगळे. त्यावर ही जी गप्प झाली ती झालीच. ताट येतं, पाणी येतं, आवाज येत नाही.

मला का वाईट वाटावं? चोरी ज्याने केली त्याला वाटू दे.

१३ एप्रिल, शनिवार

परसात मातीचं पोतं उचलताना पाठीत वीज चमकावी तशी कळ गेली. तिथेच ओणवा राहिलो. दोन शेजाऱ्यांनी धरून आत आणलं. डॉक्टर म्हणतो, पंधरा दिवस अंथरुण. हाडांच्या डॉक्टरला काय ठाऊक पंधरा दिवसांत काय काय होतं.

उद्या रविवार. खडे तसेच राहणार.

२२ एप्रिल, सोमवार

बाईंचा फोन. आवाजावरूनच कळलं. गेल्या सोमवारी आकडा चढलाच नाही, आणि तेव्हापासून रोज उतरतो आहे. आज सकाळी तीन. सोमवार असून तीन. चकत्या सहावरच. मी अंथरुणात उठून बसलो, पाठ ओरडली, ओरडू दे म्हटलं.

यापेक्षा मोठा पुरावा कोणता? सावकाश जाळीवर गेला आणि आकडा उतरला. मी हिला हाक मारून सांगितलं, बघ, तुझ्या भावाची किल्ली काढली आणि माझं पाणी सुधारलं. ही भाजी चिरत होती. सुरी थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चालू झाली. बाईंनीही फोनवर विचारलं होतं, "आणि तुम्ही किती दिवस आला नाहीत?" तब्येतीची चौकशी करतात बिचाऱ्या.

२४ एप्रिल, बुधवार

पडून पडून अंगाला मुंग्या येतात. जरा चालता येतं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. हिचा लोखंडी तवा गॅसशेजारी टांगलेला असतो, काळाकुट्ट, डांबर फासल्यासारखा. लग्नापासून तो तसाच बघतोय. ही बाजारात गेली होती. तारेची घासणी घेतली, बसून बसून घासला. पाठ धरली, पण सोडला नाही. शेवटी लोखंड चंदेरी निघालं. तोंड दिसेल असं.

ही आल्यावर मला वाटलं, आता तरी बोलेल.

बोलली. रागाने नाही, त्याच्याही पलीकडच्या आवाजात. अंडं फोडून तव्यात टाकलं आणि मला जवळ बोलावलं. अंडं असं चिकटलं की उलथन्याने खरवडावं लागलं. म्हणाली, "ते काळं म्हणजे घाण नव्हती. ते तव्याचं कातडं होतं. वीस वर्षांत धरलेलं. तुम्ही ते सोललंत."

मी म्हटलं, तेलकट काजळीला कातडं म्हणायचं ही नवीनच विद्या.

ती खरवडत राहिली. मग एकदम थांबून विचारलं, "तुम्ही तिकडेही असंच घासता का?"

म्हटलं, तिकडे कशाला कोण घासेल, धुतो. रविवारी. नीट, ब्लीचिंग घालून.

तिने गॅस बंद केला. बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं, म्हणून मला बरंच वाटलं. मग म्हणाली, हे बाईंना सांगा. फोन करा आत्ता. मी म्हटलं, बाईंना काय सांगायचं, मी खडे धुतो म्हणून? उद्या आंघोळ करतो तेही कळवू का? ती म्हणाली, "एकदा विचारा तरी. माझ्या भावासाठी नको, तुमच्या खड्यांसाठी विचारा." मी म्हटलं, माझे खडे मला शिकवू नकोस. तू तुझा तवा सांभाळ.

यावर ती हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, मला दिसलं नाही. ओढणी घेतली आणि भावाकडे जाऊन येते म्हणून निघून गेली.

२७ एप्रिल, शनिवार

आज उठून केंद्रावर गेलो. कमरेला पट्टा आहे, पण ताठ चालतो.

आकडा दोनच्याही खाली. सोमवारी समिती येणार, आणि बाई म्हणाल्या, समितीला झाकण उघडून आतलं दाखवायचं आहे. त्या खुशीत होत्या. मी नळीचं झाकण उघडून बघितलं. दोन रविवार चुकले तर काय अवस्था. थर बोटभर जाड, तपकिरी, हलणारा. हे समितीला दाखवायचं? पुन्हा रुमाल, पुन्हा 'ही घाण काय आहे'?

बोल्ट आवळले. उद्या बघतो.

२८ एप्रिल, रविवार

आज एक गोष्ट घडली, ती सविस्तर लिहितो.

सकाळी घरून निघताना ही दारात आली. पुन्हा तेच, बाईंना विचारलंत का. मी चप्पल घालत म्हटलं, नाही आणि विचारणार नाही. ती बाजूला झाली.

शेडमध्ये टब मांडला, खडे काढायला लागलो, पण पट्ट्यामुळे वाकता येईना. तेवढ्यात दारात सावली पडली. सावकाश. अंगाला जाळीचा वास, हातात दाताळं. त्याला बघून माझी मूठ वळली. म्हटलं, इथे यायची तुला मनाई आहे.

तो आत आला नाही. टबाकडे बघत होता, ब्लीचिंगच्या डब्याकडे बघत होता. म्हणाला, "ताई म्हणाली तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. दर रविवारी हे करता?"

"कोणीतरी करायला हवं."

त्याने दाताळं भिंतीला टेकवलं. त्याची मान खाली होती. मला वाटलं, माफी मागतोय, शब्द सापडत नाहीत. मग म्हणाला, "दाजी, आज राहू द्या. उद्यापर्यंत आहे तसं ठेवा. निदान बाईंना एक फोन करा."

मी जे बोललो ते लिहितो, कारण मी बोललेलं लपवत नाही. म्हटलं, जाळीवरच्या माणसाने मला स्वच्छता शिकवू नये. तुला माझे खडे घाणेरडेच दिसायला हवे आहेत समितीसमोर. अजून पोट भरलं नाही तुझं?

त्याने बोट पँटला पुसलं. मग आत आला, बाही सरसावली आणि नळाची नळी उचलली. "तुमची पाठ धरलीय," म्हणाला. "तुम्ही बसा. कुठे मारायचं पाणी तेवढं सांगा."

खोटं कशाला लिहू, मला आत कुठेतरी हलल्यासारखं झालं. मी उपड्या बादलीवर बसून सांगत गेलो आणि तो धूत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादं काम भराभर केलं. ब्लीचिंग मी एक मूठ म्हणालो, त्याने विचारलं, दोन टाकू का? म्हटलं टाक. सगळा थर मोरीतून गेला. खडे ओल्या विटेसारखे लाल झाले. त्याने एक उचलून माझ्या हातावर ठेवला.

"बघा दाजी. कुठे राहिलंय का?"

कुठेही राहिलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, चौकशीत मी तुझ्या बाजूने बोलेन. तो म्हणाला, त्याची गरज लागणार नाही.

हिला येऊन सगळं सांगितलं. वाटलं आनंद होईल. तिने फक्त विचारलं, त्याने स्वतः धुतले? हो म्हटलं. तिने माझा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री करायला बसली. कॉलरवरून इस्त्री किती वेळ फिरवत होती.

२९ एप्रिल, सोमवार

शेडबाहेर उपड्या टबावर बसून लिहितोय. सगळे आत बाईंच्या खोलीत आहेत. मला म्हणाले, थांबा.

सकाळी समिती आली. मी पान्याने झाकण उघडलं. आरशासारखे खडे. मोठे साहेब डोकावले आणि म्हणाले, वा, हे किती स्वच्छ. रुमाल खिशातच राहिला. त्या एका वाक्यासाठी मी किती जागलो ते मलाच ठाऊक.

बाई सगळ्यात शेवटी आल्या. हातात सकाळचा नमुना आणि आकड्याचा कागद. चेहरा सकाळपासूनच उतरलेला. त्यांनी आत हात घालून एक खडा काढला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग तो तसाच मुठीत धरून माझ्याकडे वळल्या.

"हे कोणी धुतले?"

दाराशी सावकाश दाताळं घेऊन उभा होता. त्याचं नाव सांगता आलं असतं, पाणी त्यानेच मारलं होतं. पण श्रेय ज्याचं त्याचं. मी म्हणालो, "मी. पांढरे बूट घालून साहेब पहिल्यांदा आले, तेव्हापासून दर रविवारी मी. हे काम दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

बाईंनी डोळे मिटले. मग सगळ्यांना खोलीत चला म्हणाल्या.

तेव्हापासून इथे बसलोय. आत आवाज चढताहेत. एकदा माझ्या खड्यांचं नाव ऐकू आलं, एकदा माझ्या मेहुण्याचं. इतका वेळ कशाला लागतो? शिकलेल्या माणसांना हो म्हणायलाही सभा लागते.

सावकाश मघाशी येऊन शेजारी बसला. त्याच्या अंगाला आज वास नव्हता, साबणाने खसखसून धुतलेलं दिसत होतं. बंद दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, घरी जायचं का? मी सोडतो."

इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोललेला नाही. आणि मला त्याचा असा राग आला की हातातलं पेन मोडायचं राहिलं. कशाचा, ते कळेना.